उंदराची जात

फिलिपाइन्स द्वीपसमूहातील लुझॉन बेटाच्या डोंगरी अरण्यांत राहणाऱ्या उंदरांच्या सात नव्या जातींचे वर्णन इ. स. २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. साहित्य आणि विचार यांना वाहिलेल्या मासिकात उंदराला जागा कशाला, असे कित्येक वाचकांस वाटेल. श्रीगणेशाचे वाहन म्हणून केलेला नमस्कार सोडला, तर या प्राण्याशी आपला संबंध बहुधा सापळ्यापुरताच येतो. परंतु या सात नावांच्या निमित्ताने एक जुना व अवघड प्रश्न पुन्हा पुढे उभा राहिला आहे, आणि तो एकट्या प्राणिशास्त्रज्ञांचा नाही. २०११ च्या पूर्वी या सात जाती होत्या की नव्हत्या, हा तो प्रश्न होय.

होत्या असे म्हणावे, तर जाती या निसर्गातच आखलेल्या असतात व शास्त्रज्ञ त्या केवळ वाचून दाखवितो, असे मानावे लागते. नव्हत्या असे म्हणावे, तर जात ही मनुष्याने सोयीसाठी ओढलेली रेघ ठरते, आणि जी रेघ आपण ओढली ती आपल्यास पुसताही येते. ही केवळ तर्काची करमणूक नव्हे. ज्या वस्तूची रेघ पुसता येते तिच्या नाशाचे दुःख कोणी करीत नाही. म्हणून या दोन उत्तरांपैकी आपण कोणते पत्करतो यावर आपले आचरणही अवलंबून राहते. याच दृष्टीने प्रस्तुत विषयाचा थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम या प्राण्याची ओळख करून देणे अवश्य आहे. हा उंदीर आपल्या कोठीतला नव्हे. ‘अपोमिस’ हे या गणाचे शास्त्रीय नाव एडगर मर्न्स या अमेरिकन संशोधकाने १९०५ साली दिले, व ते मिंडानाओ बेटावरील अपो या उंच पर्वतावरून घेतले. अपोचा उंदीर एवढाच त्याचा अर्थ. दाट, ओलसर अरण्यातील पालापाचोळ्यात हा रात्री फिरतो, गांडुळे, किडे व बिया खातो, आणि त्याची पिले एका वेळी थोडीच असतात. धान्याच्या कणग्या फोडणारे जे उंदीर व घुशी त्या देशात आहेत, ते बहुतांशी मनुष्यामागून आलेले उपरे आहेत. शेत आणि घर हे त्यांचे राज्य. मूळचे अरण्य जेथे शाबूत आहे तेथे मात्र त्या उपऱ्यांचा पाय सहसा टिकत नाही; तेथे हे मूळ रहिवासीच नांदतात. तेव्हा मनुष्याचे त्याने काही बिघडविले आहे, हा आरोपही या उंदरावर ठेविता येत नाही.

लुझॉनवरील मोठ्या अंगाच्या अपोमिस उंदरांना २०११ पर्यंत तीनच नावे होती. एक १८९९ साली डाटा पर्वतावरून दिलेले, दुसरे १९५२ साली आब्रा प्रांतावरून दिलेले, आणि तिसरे १९६२ साली सकोबिया नदीवरून दिलेले. पुढे शिकागो येथील फील्ड म्युझियमचे लॉरेन्स हीनी, त्यांचे फिलिपिनी सहकारी डॅनिलो बालेटे, एरिक रिकार्ट व इतर अभ्यासक यांनी बेटावरील एकेक डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत धुंडाळला. तेव्हा असे दिसले की, ज्याला आपण एकच उंदीर समजत होतो तो एक नाही. बनाहाव नावाचा एक मोठा ज्वालामुखी पर्वत तेथे आहे. स्थानिक लोक तो पवित्र मानतात व त्याच्या यात्रा करितात. त्याच्या खालच्या उतारांवर एक जात आढळली, तिला ‘मॅग्नस’ म्हणजे थोरला असे नाव मिळाले. आणि वरच्या थंड, शेवाळलेल्या रानात दुसरी आढळली, तिला पर्वताचेच नाव मिळाले. झांबालेस डोंगरांतील तापुलाव पर्वतावरही हाच प्रकार. उतारावर एक, माथ्याकडे दुसरी. अशा सात जातींची भर पडून तिनांचे दहा झाले.

हा निर्णय एकाच खुणेवरून केलेला नाही, हे ध्यानात ठेविले पाहिजे. कवटीची व दातांची मापे घेतली गेली. शेपटीची लांबी आणि लोकरीचा रंग पाहिला गेला. पेशीतील गुणसूत्रे मोजली गेली. आणि आईकडून संततीकडे जाणाऱ्या डी. एन. ए. चा एक अंश अक्षरशः अक्षर-अक्षर लावून ताडून पाहिला गेला. हे साक्षीदार एकमेकांस ओळखत नाहीत. कवटीच्या लांबीला गुणसूत्रांची संख्या ठाऊक नसते. असे निरनिराळे साक्षीदार जेव्हा एकाच ठिकाणी बोट दाखवितात, तेव्हा तेथे काहीतरी आहे असे मानण्यास आधार मिळतो.

येथवर सर्व सरळ आहे. अडचण यापुढे येते. आर्न्स्ट मायर या पंडिताने १९४२ साली जातीची जी व्याख्या रूढ केली तिचा मथितार्थ असा की, जे प्राणी निसर्गात आपापसात प्रजोत्पादन करितात व इतर समूहांशी करीत नाहीत, ते मिळून एक जात. बनाहावच्या उंदरांना ही कसोटी उत्तम लागू पडते. दोघे एकाच डोंगरावर, एकमेकांच्या शेजारी राहतात. मधे ना समुद्र आहे ना दरी. तरीही त्यांची सरमिसळ होत नाही. येथे रेघ निसर्गानेच ओढलेली आहे, आपण ती फक्त पाहिली, असे म्हणण्यास कोणाची हरकत असू नये. पण जो उंदीर बनाहाववर आहे आणि जो शेकडो मैल दूरच्या दुसऱ्या पर्वतावर आहे, त्यांचे काय? त्यांची गाठच पडत नाही. पडली असती तर त्यांनी एकमेकांस आपले मानिले असते की परके, हे सांगणार कोण? मधल्या सखल प्रदेशात भातशेती व नगरे आहेत. त्या उंदरांना ती ओलांडावयाची नाहीत. येथे मायरची कसोटी मुकी होते, आणि शास्त्रज्ञाला आपल्या पदरच्या विवेकाने सांगावे लागते की, एवढे अंतर पडले म्हणजे आम्ही जात वेगळी समजू. याच एका शब्दाने, ‘समजू’ या शब्दाने, आमचा मूळ प्रश्न पुन्हा जिवंत होतो.

पाश्चात्त्य विद्येत हा वाद जुनाच आहे. लिनियसने १७५८ साली प्राण्यांना दुहेरी नावे देण्याची जी पद्धत बसविली, आणि ज्या पद्धतीने आपल्या घरातल्या चिमुकल्या उंदरालाही ‘मस मस्क्युलस’ हे नाव मिळाले, तिच्या मुळाशी जाती ईश्वराने एकदाच निर्मिल्या अशी श्रद्धा होती. शंभर वर्षांनी, १८५९ साली, डार्विनने दाखविले की जात आणि पोटजात यांमध्ये अशी भिंत नाही. आज जी पोटजात दिसते ती उद्याची जात असू शकेल. वाहत्या प्रवाहावर रेघ ओढण्यासारखेच मग हे काम झाले.

परंतु हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी याहूनही सूक्ष्मपणे चर्चिलेला आहे, आणि त्याचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. नैयायिकांच्या मते अनेक गाईंत जे एक गोत्व असते ते खरोखरच असते. त्यास ते जाती किंवा सामान्य म्हणत. बौद्ध तार्किक दिङ्नाग यांनी हे अमान्य केले. ‘गाय’ या शब्दाने बाहेरच्या कोणत्याही सामान्य वस्तूचा बोध होत नाही, जे जे गाय नव्हे त्याचा केवळ निरास होतो, असा त्यांचा अपोहवाद होता. नैयायिकही मात्र भोळे नव्हते. दहा जणांना एक शब्द लावला म्हणून त्यांच्यात एक जाती सिद्ध झाली, असे त्यांनी मानिले नाही. स्वयंपाक करणाऱ्या सर्वांना आपण पाचक म्हणतो, परंतु पाचकत्व ही जाती नव्हे, ती उपाधी. म्हणजे बाहेरून चिकटलेला धर्म. उदयनाचार्यांनी तर जाती मानण्यास आड येणारी सहा कारणे निराळी काढून दाखविली, व त्यांस जातिबाधक हे नाव आहे. दोन वर्ग एकमेकांत असे घुसत असतील की कोणताही दुसऱ्याच्या पोटात पुरता मावत नाही, तर त्यांस जाती म्हणू नये, हे त्यांतील एक. आधुनिक प्राणिशास्त्रज्ञाला हे वाचून दाखविले, तर तो ते आपल्या कपाटावर लिहून ठेवील!

आता आमच्या मते खरे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये आहे. परंतु मध्ये आहे एवढे म्हणून भागत नाही, ते नेमके कोठे आहे हे दाखविले पाहिजे. जात ठरविणे हे नदी शोधून काढण्यासारखे नाही, आणि तालुक्याची सीमा आखण्यासारखेही नाही. ते न्यायाधीशाच्या निवाड्यासारखे आहे. खून झाला की नाही ही घटना न्यायाधीश निर्माण करीत नाही. ती त्याच्या जन्मापूर्वीचीही असू शकेल. तरीपण घटना आपण होऊन निवाडा देत नाही. पुरावा किती झाला म्हणजे पुरे, हे मनुष्यानेच ठरवावयाचे असते. निवाडा चुकू शकतो, म्हणून अपिलाची सोय असते. आणि तो चुकू शकतो याचाच अर्थ असा की, ज्याच्याशी ताडून तो चूक ठरेल असे काहीतरी सत्य निवाड्याच्या बाहेर आहे. तालुक्याची सीमा गैरसोयीची असू शकेल, परंतु खोटी असू शकत नाही. उंदराची जात मात्र खोटी ठरू शकते. पुढे अधिक पुरावा आल्यास दहांच्या नऊ होतील किंवा बाराही होतील. ज्या विधानाला खोटे ठरण्याचे भय आहे, तेच विधान जगाविषयी काही सांगत असते.

याची प्रचीतीही आली आहे. २०११ च्या निर्णयात जो डी. एन. ए. चा अंश वापरला तो फक्त मातृवंशाची कथा सांगणारा होता. म्हणून पुढे २०१५ साली पेशीकेंद्रातील निराळे अंश घेऊन या उंदरांची वंशावळ पुन्हा मांडण्यात आली. तीवरून असे दिसले की एका डोंगराच्या वरच्या व खालच्या जाती या सहसा सख्ख्या बहिणी नव्हेत. एकाच डोंगरावर एकीच्या दोन झाल्या नाहीत, तर निरनिराळ्या काळी निरनिराळ्या वंशांनी येऊन त्याच डोंगरावर बिऱ्हाड केले. न्यायाधीशाने आपणच आपला खटला नव्या साक्षीदारांपुढे पुन्हा चालवावा, तसा हा प्रकार आहे.

येथे आमच्या मराठी वाचकाच्या मनात एक शंका उभी राहिली असेल, व ती बाजूस सारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या भाषेत उंदराची जात आणि मनुष्याची जात यांना शब्द एकच आहे. जातीच्या रेघा ओढण्याने या देशात काय अनर्थ झाला हे ज्याने पाहिले आहे, तो मनुष्य कोणतीही रेघ ओढणाऱ्याकडे संशयाने पाहील, आणि तो संशय अगदी रास्त आहे. आपल्याकडे हा गोंधळ केवळ अज्ञ जनांनी केला असेही नाही. कुमारिलभट्टांसारख्या प्रकांड मीमांसकांनी ब्राह्मणत्व ही गोत्वासारखीच खरी जाती मानिली. बौद्ध आणि जैन तार्किकांनी ती शतकानुशतके खोडून काढिली, तरी समाजाने ऐकिले ते पहिल्यांचे. पुढे इंग्रजी अमदानीत हर्बर्ट रिझ्ले या अधिकाऱ्याने माणसांच्या नाकांची लांबीरुंदी मोजून जातींची उतरंड लाविली, व १९०१ च्या शिरगणतीचा प्रमुख या नात्याने जातींस सामाजिक मानाप्रमाणे क्रम देवविला. कवटी मोजण्याचे हत्यार तेच. मग उंदराच्या बाबतीत त्याला शास्त्र म्हणावयाचे आणि मनुष्याच्या बाबतीत अन्याय, हे कोणत्या न्यायाने?

त्याचे उत्तर आमच्या मते द्विविध आहे. पहिले असे की, मनुष्यांच्या बाबतीत साक्षीदार एकत्र आले नाहीत. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली आपल्या इंग्रजी ग्रंथात रिझ्लेचीच मापे तपासून दाखविले की, उत्तर हिंदुस्थानाचा एक भाग सोडला तर नाकाचे माप आणि जातीचा मान यांचा मेळ बसत नाही. जेथे रेघ आधी ओढली आणि पुरावा मागाहून गोळा केला, तेथे पुराव्याने साक्ष दिली नाही, परंतु रेघ मात्र तशीच राहिली. खरा वर्गीकरणकार तीच वेळ आली असता रेघ पुसतो. उदयनाचार्यांच्या भाषेत बोलावयाचे तर मनुष्यांच्या जाती या उपाधी होत; समाजाने त्या चिकटविल्या आणि समाजच त्या काढू शकेल. दुसरे उत्तर याहून महत्त्वाचे आहे. बनाहावच्या माथ्यावरचा उंदीर वर राहतो म्हणून खालच्यापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. जेथे भेदाबरोबर उच्चनीचता आली, तेथे वर्गीकरण संपले व सत्तेचा कारभार सुरू झाला, असे खुशाल समजावे. भेद ओळखणे हा ज्ञानाचा धर्म आहे; भेदावरून मान ठरविणे हा नव्हे. मनुष्य निदान तक्रार तरी करू शकतो. ज्याच्याविषयी निवाडा व्हावयाचा तो उंदीर कचेरीच्या पायऱ्या कधीच चढणार नाही, आणि म्हणून त्याच्या न्यायाधीशाचे दायित्व उलट अधिक आहे.

हे दायित्व कोणते, ते आता पाहू. समजा, लुझॉनचे सर्व मोठे अरण्य-उंदीर एकच जात आहेत. मग एका डोंगरावरचे रान तोडले गेले तर काही हजार उंदीर मेले, एवढेच. जात दुसऱ्या डोंगरावर सुखरूप आहे. परंतु त्या डोंगराच्या माथ्यावरचा उंदीर ही जर स्वतंत्र जात असेल, तर त्याच कुऱ्हाडीने एक संबंध वंश पृथ्वीवरून नाहीसा होतो. झाडे तीच, उंदीर तेच, कुऱ्हाडही तीच; पाप मात्र कागदावरच्या एका शब्दाने पालटले! झांबालेस डोंगर क्रोमाइट या खनिजासाठी खणले गेलेले आहेत. तेथे हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही.

म्हणूनच वर्गीकरणकारासमोर दोन मोह उभे असतात. एक मोह असा की, रान वाचावे म्हणून थोड्या भेदाचाही मोठा भेद करून जाती वाढवाव्यात. दुसरा असा की, खाण चालावी म्हणून मोठ्या भेदाचा थोडा करून जाती मिटवाव्यात. दुसऱ्याची निंदा सर्वच करितील. पहिल्याच्या बाबतीत मात्र पुष्कळांस वाटेल की, हेतू चांगला आहे, तेव्हा थोडी अतिशयोक्ती क्षम्य आहे. आम्हांस हे मान्य नाही. दयेपोटी दिलेली खोटी साक्षही खोटीच असते, आणि ती उघडकीस आली म्हणजे पुढील खऱ्या साक्षीवरही कोणी विश्वास ठेवीत नाही. रानाचे रक्षण करावयाचे असेल तर रान रक्षणीय आहे असे उघड म्हणावे. त्यासाठी उंदराच्या तोंडी न बोललेले शब्द घालू नयेत. लुझॉनच्या बाबतीत तशी गरजही नाही. हीनी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाप्रमाणे त्या बेटावर मूळच्या, न उडणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या ५६ जाती आहेत, आणि त्यांपैकी ५२ जगात इतरत्र कोठेही नाहीत. या ५६ पैकी २८ तर त्यांच्याच पाहणीच्या काळात प्रथम सापडल्या. एवढे सत्य असता त्यात भर घालण्याचे प्रयोजन काय?

तथापि येथे एक गंभीर आक्षेप येतो. आपले कर्तव्य जर नावावर अवलंबून असेल, तर २०११ च्या आदल्या दिवशी त्या उंदराविषयी आपले काहीच कर्तव्य नव्हते काय? आपल्या संतपरंपरेने शिकविलेली भूतदया तर नाव विचारीत नाही. जीव आहे एवढे तिला पुरे होते. यावर आमचे म्हणणे असे की, भूतदया हे मोठे तत्त्व आहे, परंतु ती एकेका जीवाकडे पाहते. लाखांतील एक उंदीर मेला आणि वंशातील शेवटचा उंदीर मेला, या दोन मरणांतील अंतर तिला दिसत नाही. मरणाऱ्याला होणारी वेदना दोन्हीकडे सारखीच. दुसऱ्या मरणात जे अधिक गेले ते त्या उंदराचे नव्हे. लाखो वर्षे आईकडून पिलाकडे चालत आलेला एक धागा तेथे तुटला, आणि तो कोणत्याही उपायाने पुन्हा कातता येणार नाही. हा धागा नाव देण्यापूर्वीही होताच, म्हणून कर्तव्यही होतेच. नावाने कर्तव्य उत्पन्न होत नाही. नावाने ते कोणाकडे पोहोचवावयाचे हे समजते. बिनपत्त्याच्या पाकिटातही मजकूर असतो, पण टपालवाला ते कोठे नेणार?

याचे एक उदाहरण लुझॉननेच दिले आहे. वर ज्या सकोबिया नदीचा उल्लेख आला ती पिनाटुबो या ज्वालामुखीच्या अंगावरून वाहते. तेथे १९५६ साली एकच उंदीर पकडला गेला, व त्या एका देहावरून १९६२ साली डेव्हिड जॉन्सन यांनी नवी जात वर्णिली. त्यानंतर त्या जातीचा दुसरा उंदीर कोणी पाहिला नाही. १९९१ च्या जून महिन्यात पिनाटुबोचा स्फोट झाला. विसाव्या शतकातील तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रचंड स्फोट समजला जातो. सकोबियाचे खोरे तप्त राखेच्या लोंढ्यांनी भरून गेले. एका उंदरावरून ओळखली जाणारी ती जात त्या राखेखाली संपली असावी, हे भय अगदी साहजिक होते. परंतु २०११ व २०१२ साली बालेटे आणि त्यांचे सहकारी त्या उजाड, नुकत्याच हिरवळू लागलेल्या उतारांवर गेले, तेव्हा तेथे तोच उंदीर त्यांना सर्वांत विपुल आढळला! ही हकीकत पुढे सविस्तर प्रसिद्ध झाली.

या हकीकतीने आम्हांस दोन गोष्टी शिकविल्या. एक ही की, त्या उंदराने आपल्या नावाची वा आपल्या काळजीची वाट पाहिली नाही. तो आपल्या बळावर राखेतून उठला. निसर्ग आपल्या दयेवर जगतो, हा आपला समज पुष्कळदा गर्वाचाच एक प्रकार असतो. दुसरी ही की, नाव नसते तर त्याला शोधावयास कोणी गेले नसते, आणि गेले असते तरी सापडलेला प्राणी तोच आहे हे कोणास कळले नसते. १९६२ चे ते नाव कोणी मिटविले असते, तर राखेतून उठलेला हा उंदीर केवळ एक उंदीर ठरला असता.

हे ओळखता आले ते १९५६ च्या त्या एका देहामुळे. प्रत्येक नव्या जातीच्या नावामागे असा एक देह असावा लागतो. त्याला प्ररूप म्हणतात, आणि पुढील सर्व वाद त्या देहाशी ताडून सोडविले जातात. तो देह संग्रहालयाच्या खणात पडून असतो, म्हणजेच तो मारलेला असतो. जिचे रक्षण करावयाचे तिचे नाव तिच्याच एका जीवाच्या मोलाने लिहावयाचे, हे कोमल मनाच्या वाचकास टोचेल, आणि ते टोचावेही. आम्ही ही गोष्ट सर्वथा निर्दोष आहे असे म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या निवाड्याचा पुरावा जपून ठेविलेला नाही, त्यावर अपील करिता येत नाही. आणि ज्यावर अपील नाही तो निवाडा नव्हे, फर्मान होय. म्हणून अत्यल्प संख्येने, खरोखर अवश्य असेल तेव्हाच, आणि जे घेतले ते पिढ्यानपिढ्या सर्वांस पुन्हा तपासता यावे अशा बंदोबस्ताने, एवढ्या अटींवर हा जीव घेणे समर्थनीय ठरते. या अटींपैकी एक जरी सुटली तरी ती निव्वळ शिकार झाली. संग्राहकाच्या हौसेला येथे जागा नाही.

ही सर्व गोष्ट दूरच्या बेटाची आहे, तिचे येथे काय, असे कोणी म्हणू नये. पुण्याजवळच्या सिंहगडावर चढून पिठलेभाकरी खाऊन परतणाऱ्या सहस्रावधी लोकांपैकी किती जणांस ठाऊक असेल की, त्याच गडाच्या पठारावरून १९७५ साली मिश्रा आणि धांडा या दोन संशोधकांनी उंदराची एक नवी जात वर्णिली, आणि गडाच्या जुन्या नावावरून तिला ‘मिलार्डिया कोंडाना’ असे नाव दिले? गडाचा प्रत्येक बुरूज आणि तानाजीचे बलिदान आपणांस मुखोद्गत आहे, ते योग्यच आहे. परंतु ज्या रहिवाशाने कोंढाणा हे नाव जगाच्या शास्त्रग्रंथांत नेले, त्याच्या बिळावर आपण जेवणाचे कागद टाकून येतो. ती जात आज धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. अरण्यातला नव्हे, उघड्या पठारावरचा हा उंदीर. पण प्रश्न तोच. त्याला नाव मिळून गेले आहे, त्याचा पत्ताही आपल्या वाटेवरचाच आहे. तेव्हा कळले नव्हते ही सबब निदान आपल्यापुरती तरी उरलेली नाही.

वर्गीकरणाविषयी सामान्य समजूत अशी असते की, ते एक कोरडे, कारकुनी काम आहे. खण, चिठ्ठ्या आणि लॅटिन नावे. आमच्या मते ते लक्ष देण्याचे काम आहे. ज्याला एकच समजून आपण पुढे जात होतो, तेथे थांबून हे दोन आहेत असे म्हणावयास साक्षीदार लागतात, धैर्य लागते, आणि चुकलो तर तसे सांगण्याची तयारी लागते. मनुष्यांच्या बाबतीत जेथे भेद नव्हता तेथे आपण तो शतकानुशतके पाहिला, आणि रानाच्या बाबतीत जेथे भेद होता तेथे तो पाहण्याचे कष्टच घेतले नाहीत. या दोन्ही अंधत्वांचे मूळ एकच आहे. समोरचे आहे तसे पाहण्यापूर्वीच आपली सोय काय हे आपण पाहिले. लुझॉनच्या डोंगरांत गांडुळे उकरणाऱ्या त्या लहानशा प्राण्यास आपल्या या विचाराची वार्ताही नाही. तो कोणत्या जातीचा हे तो जाणत नाही, आणि जाणण्याची त्याला गरज नाही. ते जाणून घेणे हे ज्यांच्या हाती कुऱ्हाड आहे त्यांचे काम आहे, आणि ते कुऱ्हाड उचलण्यापूर्वी झाले पाहिजे.